नळाला पाणी येण्याआधी: सकाळची प्रार्थना कशी सुरू करावी

नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेली, नुकतंच दृढीकरण (मंडळीसमोर आपला विश्वास पक्का करण्याचा विधी) झालेली किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा मंडळीत येऊ लागलेली माणसं पाळकांना हमखास विचारतात: सकाळी प्रार्थना करायची म्हणजे नेमकं काय करायचं? किती वेळ बसायचं, काय वाचायचं, बोलायचं काय? हा लेख त्यांच्यासाठी आहे. सांगली, मिरज, सातारा, कराड इथल्या घरांची सकाळ डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सकाळी ठरवण्यासारखं काहीही शिल्लक ठेवू नका. वेळ, जागा, वाचायचा भाग, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ती नावं, हे सगळं आदल्या रात्रीच ठरलेलं हवं. झोपेतून उठलेला माणूस ठरलेलं काम करू शकतो. "आज काय वाचू बरं?" असा प्रश्न पडला की हात मोबाइलकडे जातो आणि पंधरा मिनिटं तिथेच संपतात.

वेळ

आधी तुमच्या सकाळच्या न हलणाऱ्या गोष्टी कागदावर लिहा: नळाला पाणी किती वाजता येतं, डेअरीला दूध कधी घालायचं, मुलांची शाळेची गाडी, डबा, कुपवाड एमआयडीसीतली पहिली पाळी, कराडची किंवा पुण्याची एसटी. त्यातली सगळ्यात पहिली वेळ पकडा आणि तिच्याआधी वीस मिनिटं मोजा. पंधरा मिनिटं प्रार्थनेची, पाच तोंड धुऊन भानावर यायची. पाणी साडेपाचला येत असेल तर पाच वाजून दहा मिनिटांनी उठा. नळ सुरू झाल्यावर प्रार्थनेला बसू नका. कान पिंपाकडेच लागलेले असतात.

नवख्या माणसाने सुरुवातीला तासभर बसायचं ठरवू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांचा उत्साह ओसरला की तासाचं ओझं होतं, आणि मग एक दिवस पूर्णच सुटतो. पंधरा मिनिटं महिनाभर नीट झाली की ती आपोआप वाढतात. वाढवायला घाई करू नका.

पहाट सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. मिरजेच्या दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेची सकाळ दुपारी उठल्यावर होते. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीप्रमाणे रात्री येते तेव्हा रात्रभर उसाला पाणी दिलेला शेतकरी पहाटे पाचला उठू शकत नाही, आणि त्याने तसा अट्टहास करूही नये. तुम्ही झोपून उठता तो दिवसाचा आरंभ. त्या उठण्यानंतरचा पहिला वेळ देवाचा, एवढं धरून चला.

जागा आणि बसणं

मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगतो. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं झोपलेली असतात तिथे हे कसं जमणार? जमतं. स्वयंपाकघराचा ओटा आणि भिंत यांच्यामधली चटईपुरती जागा, माडी, गच्चीचा जिना, गोठ्याचा ओटा, काहीही चालतं. जागा रोज तीच असू द्या. चार-पाच दिवसांत घरच्यांनाही कळतं की या वेळी इथे बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही.

बसायचं कसं, यावर नवे लोक फार अडतात. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, सगळे प्रकार आहेत. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. दावीद परमेश्वरासमोर जाऊन बसला. हन्नाचे फक्त ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा, असं येशू मार्कात म्हणतो. गुडघे दुखत असतील तर मांडी घाला, मांडी जमत नसेल तर खुर्ची घ्या. अंथरुणात पडून मात्र नको. आजारी माणसाची गोष्ट वेगळी, बाकीच्यांना तिथे दहा मिनिटांत झोप लागते.

आदल्या रात्रीची तयारी

याला पाच मिनिटं लागतात, आणि पुढचं सगळं यावरच चालतं.

पवित्र शास्त्र ठरलेल्या जागी ठेवा, वाचायच्या पानात कागदाची पट्टी घालून. शेजारी वही आणि पेन. चष्मा लागत असेल तर तोही तिथेच. वीज जाते त्या भागात बॅटरी हाताशी असू द्या. साताऱ्यात, त्यातही डिसेंबर-जानेवारीत, शाल काढून ठेवली नाही तर अंथरुण सोडवत नाही. हे बारीक वाटतं, पण थंडीत प्रार्थना बहुतेकदा एवढ्यावरच मोडते.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजरासाठी साधं घड्याळ आणा. गजर मोबाइलवरच लावायचा असेल तर फोन चार पावलं दूर आणि इंटरनेट बंद. एकदा व्हॉट्सअॅप उघडलं की कुणाचं दुःख, कुणाचा वाढदिवस, कुणाचा राग मनात शिरतो आणि वचनाला जागा उरत नाही. अॅपवरच वाचत असाल तर आदल्या रात्री ते पान उघडून फोन एअरप्लेन मोडवर टाका.

झोपण्यापूर्वी उद्याचा भाग एकदा नजरेखालून घाला. अर्थ लावत बसू नका.

काय वाचायचं

पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. उत्पत्ती उत्साहात वाचून होतं, निर्गमाचा पूर्वार्धही जातो, आणि मग निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) मापांपाशी, नाहीतर लेवीयातल्या यज्ञांच्या नियमांपाशी बहुतेकांचं वाचन थांबतं. ते भाग महत्त्वाचे आहेत, पण ते समजून घ्यायला सोबत शिकवणारं कुणी लागतं. डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन "आजचं" मानायचं, ही सवयही लावून घेऊ नका. मागचं-पुढचं न पाहता उचललेल्या वचनाचा भलताच अर्थ निघतो आणि माणूस त्यावर मोठे निर्णय घेऊन बसतो.

पहिले दोन आठवडे फक्त स्तोत्रं वाचा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. सुरुवात या क्रमाने करा: 5, 3, 23, 63, 100, 121, 143, 8, 27, 103, 51, 139, 145, 130. यातलं 5 क्रमांकाचं तर सकाळच्या प्रार्थनेचंच आहे, आणि शंभरावं अवघ्या पाच वचनांचं, त्यामुळे उशीर झालेल्या दिवशीही पुरतं. 139 आणि 145 लांब आहेत; अर्धी वाचली तरी हरकत नाही. 119 या टप्प्यावर नको. त्यात 176 वचनं आहेत. पुढे रोज आठ वचनांचा एक भाग घेऊन ते 22 दिवसांत वाचता येतं.

त्यानंतर मार्कचं शुभवर्तमान. 16 अध्याय आहेत. रोज 12 ते 15 वचनं घेतली तर पावणेदोन महिन्यांच्या आसपास पुरं होतं. त्याच्यासोबत एक स्तोत्र किंवा तारखेप्रमाणे नीतिसूत्रांचा अध्याय चालतो. नीतिसूत्रांचे अध्याय 31 आहेत, म्हणून सात तारखेला सातवा, असं सोपं जातं. पण दोन्ही वाचायचं म्हणून पळू नका. एकच भाग नीट वाचलेला बरा.

जुन्या भाषांतराची भाषा भारदस्त आहे आणि पाठ करायला चांगली. पण "ऋण", "अनीती" असे शब्द नवख्याला अडतात. सोप्या मराठीतलं भाषांतर समजण्यासाठी आणि मंडळीत वाचतात ते पाठांतरासाठी, अशी दोन्ही जवळ ठेवता आली तर उत्तम. कॅथोलिक घरांतल्या पवित्र शास्त्रात पुस्तकं 73 आणि प्रॉटेस्टंट घरांतल्यात 66 असतात, पण वर सुचवलेले सगळे भाग दोन्हींत आहेत.

आता पंधरा मिनिटं

*पहिलं मिनिट.* तोंड धुऊन, घोटभर पाणी पिऊन बसा. काही बोलू नका. श्वास स्थिर होऊ द्या. मग एकच लहान वाक्य: "प्रभो, मी इथे आहे." बाळ शमुवेल म्हणाला तसं, "बोल, तुझा दास ऐकत आहे," हेही चालतं. कॅथोलिक असाल तर क्रुसाची खूण करून सुरुवात करा.

*पुढची दोन मिनिटं गीताची.* एक कडवं पुरे. सकाळी गळा जड असतो, म्हणून नेहमीच्या पट्टीपेक्षा एक-दोन पट्ट्या खाली घ्या. रविवारी पेटीच्या काळी दोनमध्ये म्हणता ते पहाटे काळी एकमध्ये सहज निघेल. वरच्या पट्टीत ओढून गायलं की खोकला येतो आणि सगळं घर उठतं. घरात कुणी झोपलेलं असेल तर गुणगुणा किंवा शब्द नुसते वाचा. आपल्याकडे यासाठी मोठा ठेवा आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, आणि अभंग-भजनाच्या चालीतली त्यांची कितीतरी गीतं आजही मंडळ्यांमधून गायली जातात. पेटी नसली तरी टाळीवर म्हणता येतात. सूर अजिबातच लागत नसेल तर गीत सोडून पुढे चला. त्याने प्रार्थना कमी होत नाही.

*मग पाच मिनिटं वचन.* दोनदा वाचा: एकदा सरळ, एकदा सावकाश, ओठ हलवत. मनाला तीन गोष्टी विचारा. इथे देव कसा दिसतो? इथे माणूस कसा दिसतो, आणि त्यात मी कुठे आहे? आज मी काय करू?

उदाहरणासाठी मार्कचा पहिला अध्याय, 32 ते 38 वचनं घ्या. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं नगर दाराशी गोळा झालेलं आहे, येशूने अनेकांना बरं केलं आहे. इतक्या दगदगीनंतर तो दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठतो, एकांतात जातो, प्रार्थना करतो. मागून शिमोन आणि सोबती शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुला शोधत आहेत. येशू त्या गर्दीकडे परत जात नाही. शेजारच्या गावांना जायचं म्हणतो. आता विचारा. देव कसा दिसतो? स्वतः प्रभूला पित्याशी बोलायची गरज वाटते. माणूस कसा? शिमोनासारखा, उठल्याउठल्या कामाची यादी घेऊन धावणारा. मी काय करू? सगळे बोलावतील तिकडे धावण्याआधी आज खरोखर कुठे जायचं ते विचारून घेऊ. एवढं हाती आलं की प्रार्थनेचे शब्द शोधावे लागत नाहीत: "प्रभो, आज मला पाच जण पाच कामांना बोलावतील. त्यातलं तुझं कोणतं ते मला दाखव."

वाचन आधी आणि बोलणं नंतर, हा क्रम बदलू नका. आधी बोलायला लागलो की आपण आपल्याच काळज्या देवाला ऐकवत राहतो आणि दहा मिनिटांनी आणखी काळजीत उठतो. आधी त्याचं ऐकलं की त्याच काळज्या वेगळ्या दिसतात.

*पुढची पाच मिनिटं प्रार्थना.* स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती, विनंती, असा क्रम ठेवा. स्तुतीसाठी नुकतंच वाचलेलं वचनच वापरा. पापांगीकार नेमका हवा. "मी पापी आहे" हे खरंच आहे, पण त्याआड लपता येतं. "काल सासूबाईंना तोडून बोललो," "वजनात पाव किलो कमी घातलं," असं म्हटलं की लपायला जागा राहत नाही आणि क्षमाही नेमकी त्या जागी पोचते. ज्याचं काही बिघडवलं असेल त्याच्याकडे दिवसभरात जाऊन ते निस्तरा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू तेच सांगतो. उपकारस्तुतीला कालच्या तीन गोष्टी पुरेत, पण कालच्याच, ठोस: ताप उतरला, उधारी परत आली, भांडण मिटलं.

विनंत्यांसाठी वहीत सोमवार ते शनिवार असे दिवस पाडून ठेवा. नाहीतर यादी वाढत जाते, सगळी नावं भराभर उच्चारून संपवली जातात आणि कुणाहीसाठी मनापासून प्रार्थना होत नाही. एका दिवशी पाच-सहा नावं, त्याहून जास्त नकोत. सोमवार घरच्यांचा, मंगळवार भावकी आणि पाहुण्यांचा, बुधवार मंडळीचा, पाळकसाहेबांचा आणि संडे स्कूलच्या मुलांचा, गुरुवार आजाऱ्यांचा आणि त्यांची सेवा करणाऱ्यांचा, शुक्रवार कामाच्या ठिकाणाचा, शनिवार गावाचा. शनिवारच्या पानावर आपल्या भागाची खरी दुखणी येऊ द्या: जत, आटपाडी, माण, खटावचं पाणी, बीडकडून उसाच्या तोडीला आलेली कुटुंबं आणि त्यांची शाळा सुटलेली मुलं, पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी विचारत रात्र काढणारे कृष्णाकाठचे लोक. 2019 चा पूर ज्यांच्या घरात शिरला होता त्यांना अशी प्रार्थना शिकवावी लागत नाही. नावापुढे तारीख लिहा. उत्तर मिळालं की तेही लिहा, "नाही" असं मिळालं तरी लिहा.

*शेवटची दोन मिनिटं प्रभूच्या प्रार्थनेची.* रविवारी सगळ्यांबरोबर ती अर्ध्या मिनिटात होते. एकट्याने म्हणताना प्रत्येक विनंतीपाशी थांबा. पहिल्या तीन विनंत्या देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा यांच्या आहेत. भाकर त्यानंतर येते. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे घरातला डबा, पगार, उसाचं बिल, मुलाची फी, सगळं मांडता येतं. आणि शब्द "आमची" आहे, "माझी" नाही, म्हणून शेजारच्या घराची चूलही त्यात आणा. बोलायला काहीच सुचत नाही त्या दिवशी ही एकच प्रार्थना सावकाश म्हणून उठलात तरी तुमची सकाळची प्रार्थना पूर्ण झाली. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ती दिवसातून तीनदा म्हणायची शिकवण होती.

कॅथोलिक घरात याला जोडून 'नमो मरिये' आणि दिवसाचं अर्पण येतं, आणि त्या दिवशीच्या मिस्साचे (कॅथोलिक उपासनेचे) पाठ हाच वाचनाचा भाग ठेवणं सोपं पडतं. लूकच्या पहिल्या अध्यायातलं, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांचं, जखऱ्याचं गीत, 68 ते 79 वचनं, पश्चिमेकडच्या चर्चमध्ये शतकानुशतकं सकाळच्या प्रार्थनेत म्हटलं जात आलं आहे. ते कुठल्याही पंथाच्या माणसाने पाठ करावं असं आहे.

"आमेन" म्हटल्यावर वहीत एक ओळ लिहा: तारीख, वाचलेला भाग, आज करायची एक गोष्ट. आणि उठा.

घरच्यांसोबत

कौटुंबिक प्रार्थना वेगळी धरा, एकट्याच्या प्रार्थनेची जागा तिला देऊ नका. सकाळी मुलं असताना सात मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. एक कडवं, पाच-सहा वचनं, एक प्रार्थना, प्रभूची प्रार्थना. वचन मुलांना वाचू द्या, अडखळली तरी मध्ये सुधारू नका. आजी-आजोबांची प्रार्थना लांबते, आणि तिचं मोल वेगळंच असतं. त्यांना संध्याकाळची प्रार्थना चालवायला सांगा म्हणजे शाळेची गाडीही चुकत नाही.

एक गोष्ट फार सांभाळा. प्रार्थनेतून मुलाला किंवा सुनेला टोमणा मारू नका. "देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे" हे त्याच्यासमोर मोठ्याने म्हटलं की ते देवापर्यंत जाण्याआधी त्याला लागतं, आणि पुढे तो प्रार्थनेलाच टाळायला लागतो. जे सांगायचं ते त्याला सरळ सांगा. देवाशी बोलताना त्याच्यासाठी आभार माना.

घरात तुम्ही एकटेच विश्वासात असाल तर वाद घालून कोपरा मिळवायची गरज नाही. घरचे देवपूजा करतात ती वेळ सोडून आधीची किंवा नंतरची घ्या, आवाज खाली ठेवा, आपल्या वाटणीचं काम आधी उरका. कृष्णेच्या घाटाकडे किंवा शेताकडे चालत जाताना पाठ केलेलं स्तोत्र म्हणत केलेली प्रार्थनाही पूर्ण प्रार्थना आहे. म्हणूनच पहिल्या महिन्यात 23 आणि 121 पाठ करून टाका. अनुक्रमे सहा आणि आठ वचनं आहेत.

कुठे अडतं

झोप येत असेल तर उभे राहा आणि मोठ्याने वाचा. रोजच येत असेल तर रात्री अर्धा तास आधी झोपा; दुसरा उपाय नाही.

मन भटकतं. गॅस बुक करायचा राहिला, असं मध्येच आठवतं. वहीच्या मागच्या पानावर दोन शब्दांत लिहा आणि परत या. त्याच्याशी झटापट केली तर तेच डोक्यात घुमत राहतं.

काहीच वाटत नाही, शब्द कोरडे वाटतात, असे दिवस प्रत्येकाला येतात, जुन्या-जाणत्यांनाही. त्यासाठीच 13 आणि 42 ही स्तोत्रं आहेत. ती आपली म्हणून वाचा. भावना यायची वाट पाहत बसू नका, आणि आली नाही म्हणून देव दूर गेला असंही समजू नका.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. जिथे थांबला होता तिथूनच पुढे. भरपाई करायला गेलं की तीन दिवसांची थकबाकी साठते आणि वहीच बंद होते. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात देवाची दया रोज सकाळी नवी होते असं आहे. चुकलेल्या दिवसानंतरची सकाळ त्यात धरलेलीच आहे.

प्रार्थनेचा सौदा करू नका. "हे झालं तर मी ते देईन" अशी भाषा आपल्या तोंडी सहज येते, पण बापाशी लेकरू असं बोलत नाही. जे हवं ते मोकळेपणाने मागा आणि "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणून सोडा.

आजारपणात प्रार्थना करा आणि औषधही घ्या. प्रार्थनेवर विश्वास आहे म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी थांबवणं हा विश्वास नव्हे, आणि तसा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिशनचा दवाखाना उभा केला तो प्रार्थना करणाऱ्या लोकांनीच.

महिनाभरानंतर

वही घेऊन पाळकसाहेबांना, फादरना किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला भेटा. वाचताना अडलेली वचनं त्यांना विचारा. सकाळी एकट्याने त्यांचा अर्थ ओढून-ताणून लावण्यापेक्षा हे बरं. वेळ वाढवायची असेल तर आधी वाचनाची पाच मिनिटं वाढवा, मग मौनाची. विनंत्यांची यादी सगळ्यात शेवटी.

रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा घरची प्रार्थना पाच मिनिटांची ठेवा: शंभरावं स्तोत्र, उपदेश करणाऱ्यासाठी दोन वाक्यं, आणि देवळात (चर्चमध्ये) आज शेजारी कुणीही येऊन बसलं तरी त्याला आधी आपण सलाम करायचा, एवढं ठरवून निघा.